कोकणातला ख्रिस्ती पूर्वज शोधताना: चर्चची वही आणि कोर्टाची फाईल

आडनाव धरून शोधायला बसलात तर पहिल्याच आठवड्यात दमाल. डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही कोकणात घराण्याची खूण नाही. धर्मांतराच्या वेळी पादिनाचं (बाप्तिस्म्यातल्या धर्मपित्याचं) किंवा पाद्र्याचं आडनाव लागायचं, म्हणून एकाच वाडीतली चार डिसोझा घरं एकमेकांची कुणीच नसू शकतात. उलट सख्ख्या भावांपैकी एक सोझा आणि दुसरा डिसोझा लिहिलेला सापडतो, कारण मधला ‘द’ लिहायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होतं. बायकांच्या नावापुढे तर पुष्कळदा ‘द कोंसेइसांव’, ‘दु रोझारियु’ अशी भक्तीची नावं असतात. ती माहेरची आडनावं समजून कुळवृक्षात चढवू नयेत.

म्हणून सुरुवात गावापासून करा, आणि त्याआधी एक प्रश्न विचारा: त्या साली हे गाव कोणाच्या अमलाखाली आणि कोणत्या बिशपाकडे होतं? कागद तिकडेच गेलेला असतो.

वसई पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आली मे १७३९ मध्ये. रेवदंडा आणि कोर्लई १७४० मध्ये. तिथल्या त्याआधीच्या वह्या हाती लागण्याची आशा कमीच ठेवा. वेंगुर्ला आणि मालवण १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले, उरलेला बराचसा दक्षिण कोकण १८१८ मध्ये. सावंतवाडी मात्र १९४८ पर्यंत संस्थान होतं. त्यामुळे वेंगुर्ल्यातल्या माणसाच्या वारसाचा कागद रत्नागिरीच्या कोर्टात आणि त्याच्या सावंतवाडीतल्या चुलतभावाचा संस्थानाच्या दप्तरात, असं सहज होतं. जंजिऱ्याचंही तसंच. शिवाय आजचा जिल्हा बघून जाऊ नका. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. जुन्या फायलींची चौकशी आधीच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही करावी लागते.

चर्चच्या हद्दी तर याहून गुंतागुंतीच्या. मुंबई आणि उत्तर कोकणात गोव्याकडचा पाद्रोआदो (पोर्तुगीज राजाच्या आश्रयातला) आणि रोमकडचा प्रोपागांदा (पोपच्या धर्मप्रसार खात्याचा) असे दोन अधिकार बराच काळ शेजारीशेजारी चालत होते. एका कुटुंबाच्या दोन पिढ्या दोन वेगळ्या चर्चच्या वह्यांत मिळाल्या तर धर्म बदलला असं समजू नका, बहुतेक वेळा फक्त बाजू बदललेली असते. १८८६ मध्ये दमणचं डायोसिस (बिशपाचा प्रांत) झालं आणि १९२८ मध्ये त्याचा ब्रिटिश मुलखातला भाग मुंबईत विलीन झाला. वसईचं स्वतंत्र डायोसिस १९९८ मधलं, सिंधुदुर्गचं २००५ मधलं. सावंतवाडीकडच्या घराण्यांचा माग तर हमखास गोव्यात, बहुधा बारदेशात जातो. वही सहसा चर्चमध्येच राहते, पण लग्नातल्या सवलतींची (नात्यात वगैरे लग्नाला चर्चनं दिलेल्या परवानगीची) प्रकरणं बिशप हाऊसमध्ये असतात. तुमच्या गावचं चर्च नंतर वेगळं झालेलं असेल तर त्याआधीच्या नोंदी मूळ चर्चमध्ये बघा. ‘आमच्याकडे त्या आधीचं काही नाही’ असं फादर म्हणतात तेव्हा पुष्कळदा एवढंच कारण असतं.

फादरना पत्र लिहिताना बापाचं नाव, वाडी आणि दहा वर्षांचा अंदाज द्या. नाताळ आणि पवित्र सप्ताह टाळा. ‘दाखला’ मागू नका, नोंदीचा पूर्ण उतारा मागा. छापील दाखल्याच्या नमुन्यात नाव, तारीख, आईबाप येतात आणि समासातली टीप हमखास गळते. आणि खरा माल समासातच असतो. १९०८ पासून लागू झालेल्या रोमच्या हुकमानुसार लग्न झालं की त्याची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायची होती. त्यामुळे १८९०च्या आसपास किंवा नंतर जन्मलेल्या मुलीच्या नोंदीच्या कडेला तिचं लग्न कोणत्या चर्चमध्ये आणि कोणाशी झालं ते मिळू शकतं. सासर कळायला याहून सोपी वाट नाही.

आता नोंद वाचायची कशी ते. पोर्तुगीज नोंदीत ‘फिल्यु लेजीतिमु द’ म्हणजे अमक्याचा औरस मुलगा. ‘नातुराल द’ आणि पुढे गावाचं नाव असेल तर ‘त्या गावचा’. पण ‘फिल्यु नातुराल’ असेल तर लग्नाबाहेर झालेलं मूल. एकच शब्द, आणि त्यावरून अनेकांनी आपल्या पणजोबांवर नाहक डाग लावून घेतलाय किंवा खरी गोष्ट नजरेआड केलीय. ‘पाइश इंकॉग्नितुश’ म्हणजे आईबाप अज्ञात.

लॅटिन नोंदीत नावाचं रूप बदलतं. बापाचं नाव ‘योसेफी’ दिसलं तर तो योसेफ, ‘योआनिस’ म्हणजे जुआंव किंवा जॉन. ‘याकोबुस’ हा पोर्तुगीज कागदात दिओगु किंवा तियागु होतो आणि इंग्रजी कोर्टात जेम्स. ‘लुदोविकुस’ म्हणजे लुईस. माणूस एकच, फक्त वही बदलली. शोधायला बसण्याआधी प्रत्येक नावाची अशी तिन्ही रूपं कागदावर मांडून ठेवा.

महिन्यांचा फास वेगळा. ‘७ब्रे’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ब्रे ऑक्टोबर, ९ब्रे नोव्हेंबर आणि रोमन दहाचं चिन्ह असेल तर डिसेंबर; जुन्या रोमन मोजणीतला सातवा, आठवा वगैरे. मुंबईच्या इंग्रजी नोंदींत १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं, शिवाय त्यांची तारीख पोर्तुगीज तारखेपेक्षा १७०० पर्यंत दहा आणि नंतर अकरा दिवस मागे. वसईची शरणागती कुठे ५ मे तर कुठे १६ मे १७३९ दिसते ती यामुळेच.

लग्नाच्या वहीत ‘तृतीय अंशाचं रक्तनातं, सवलत मिळाली’ अशा अर्थाची ओळ दिसली तर तिथेच थांबा. चर्चच्या जुन्या मोजणीत दुसरा अंश म्हणजे आजोबा-आजी समाईक, तिसरा म्हणजे पणजोबा-पणजी समाईक. नवराबायकोच्या दोन्ही बाजू एका जोडप्यापाशी मिळतात हे त्या एका ओळीत सांगितलेलं असतं. लग्न बहुधा नवरीच्या चर्चमध्ये लागतं, तेव्हा नवऱ्याच्या गावात नोंद नसली म्हणून हात टेकू नका. दफनाच्या वहीतली तारीख दफनाची असते आणि वय अंदाजाचं. ‘साठ’, ‘सत्तर’ असे गोल आकडे दिसले की पाच-दहा वर्षं इकडेतिकडे धरा. पादिन-मादिनांची नावं मात्र प्रत्येक नोंदीतून उतरवून घ्या. पुन्हापुन्हा येणारा पादिन बहुधा काका, मामा किंवा आत्याचा नवरा निघतो.

पूर्वज गोरा किंवा अर्धगोरा असेल, म्हणजे दापोली कॅम्पातला, बाणकोटचा किंवा मुंबईच्या पलटणीतला, तर चॅपलननी (इंग्रजांच्या सरकारी पाद्र्यांनी) लंडनला पाठवलेल्या नकला बघायच्या. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्याची मालिका एन/३, १७०९ पासून. त्यांची सूची फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येते आणि फिबिस या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर बरंच काही फुकट आहे. चॅपलन दौऱ्यावर यायचा, त्यामुळे तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला दिसला तर ती तिळी नव्हेत. जन्मतारीख वेगळी लिहिली आहे का ते बघा. आईचा रकाना बऱ्याचदा कोरा किंवा ‘नेटिव्ह बाई’ एवढाच. त्या बाईचं नाव मिळालंच तर बापाच्या मृत्युपत्रात, कारण तिला महिना काही रुपये ठेवायचे तर नाव लिहावंच लागे. तेही इंग्रजी कानानं ऐकून लिहिलेलं, म्हणून मोठ्यानं वाचा. कागदावर न कळलेलं गंगाबाई कानाला कळतं.

कंपनीच्या काळातली मृत्युपत्रं लंडनच्या त्याच दप्तरात एल/एजी/३४/२९ खाली आहेत, मालमत्तेच्या याद्या एल/एजी/३४/२७ खाली. लिलावात कोणी काय घेतलं तेही त्यांत असतं. मुंबईत कोर्ट बदलत गेलं: १७२८ पासून मेयर्स कोर्ट, १७९८ पासून रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून हायकोर्ट. अर्जावर साल लिहिलं तरच कारकून योग्य कपाट उघडतो.

मृत्युपत्र मिळालं की लोक खूश होतात, पण वंशावळीच्या कामाला मृत्युपत्र न करता मेलेला पूर्वज जास्त उपयोगी. प्रोबेटच्या (कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याच्या) अर्जात मृत्यूची वेळ, मृत्युपत्र, मालमत्तेची किंमत आणि अर्जदार हा मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक आहे एवढं पुरतं. लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या (मृत्युपत्र नसताना मालमत्तेची व्यवस्था बघण्याच्या हुकमाच्या) अर्जात मात्र मयताचं कुटुंब, इतर नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावेच लागतात. म्हणून फक्त हुकमाची प्रत घेऊन परतू नका, अर्ज आणि त्याच्या जोडपत्रांची प्रत मागा. सूचीत फाईल हुकमाच्या सालाखाली असते, मृत्यूच्या नव्हे. जमीन विकायची वेळ येईपर्यंत कुणी कोर्टात जात नसे, तेव्हा मृत्यूनंतरची पंधरा-वीस वर्षं तरी चाळा.

फाईलच नसेल तर? १९०१ च्या कायद्यानं मृत्युपत्र नसलेल्या देशी ख्रिस्ती मयताच्या बाबतीत हा हुकूम घेण्याची सक्ती उठवली. त्यानंतरच्या कोकणी ख्रिस्ती शेतकऱ्याचं कोर्टात काही न सापडणं हेच नेहमीचं. त्याची वारसनोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात बघा: गाव नमुना ६ फेरफार, ६-क वारस नोंदवही आणि जन्म-मृत्यूसाठी नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा वाचणारा आधी ठरवून ठेवा. फेरफारात मुलींची नावं ‘हक्क सोडला’ म्हणून येतात आणि चर्चच्या वहीतली जी बहीण पुढे कुठेच दिसत नव्हती ती इथे सासरच्या नावानं उभी राहते.

प्रत्येक फोटोत पान क्रमांक आणि वहीचं शीर्षक आलं पाहिजे, फ्लॅश बंद, पान उलटताना बोटाला थुंकी नाही. जुनी शाई लोहाची असते, ती दमट हवेत कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोक पडतं. असं पान उजेडासमोर धरू नका. खाली पांढरा कागद सरकवून तिरक्या उजेडात फोटो घ्या.