टूर्नामेंट की कॅश? आधी परतीची बस बघा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा आला आणि पुण्यातल्या माझ्या भाच्याच्या मोबाइलमधलं पोकर बंद पडलं. दिवाळीला सांगलीत आला, तेव्हा चकली तोंडात असतानाच त्यानं विषय काढला. "मामा, तू गोव्याला जातोस तेव्हा मलाही यायचंय. पण टूर्नामेंट खेळू की कॅशला बसू?"

मी हळदीचा अडत्या. वर्षातून चार-पाच वेळा रात्रीची बस धरून पणजीला जातो, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकर खेळतो आणि परत येऊन सौद्याला उभा राहतो. पोकरवर घर चालवलेलं नाही, चालेल असं वाटतही नाही. त्यामुळं पुढचं सगळं नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्यासाठी आहे. व्यावसायिक खेळाडूचं गणित वेगळं असतं.

फरक थोडक्यात असा. कॅशमध्ये समोरच्या चिप्स म्हणजे रोख रुपये. ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या रकमा, एक लहान एक मोठी, ठरलेले, रात्रभर तेच. पाहिजे तेव्हा बसा, पाहिजे तेव्हा उठा, संपले तर आणखी घ्या. टूर्नामेंटमध्ये एकदाच प्रवेश फी भरायची. मिळालेल्या चिप्सना बाहेर किंमत नाही, ब्लाइंड दर वीस-तीस मिनिटांनी चढत जातात आणि चिप्स संपल्या की खुर्ची सोडायची. पैसे मिळतात ते शेवटपर्यंत टिकलेल्या थोड्यांना, साधारण दर आठ-दहा जणांत एकाला, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या तिघांना.

आमच्याकडं हरिपूरला पूर्वी हळद साठवायची पेवं असायची, जमिनीखालची. त्यात माल घालून तोंड बंद केलं की महिनोन्‌महिने उघडायचं नाही. दर आला तर सोनं, नाहीतर भाडं डोक्यावर. टूर्नामेंट मला तसं वाटतं. कॅश म्हणजे रोजचा सौदा, संध्याकाळी वही जुळवायची आणि घरी जायचं. भाच्याला हे एका झटक्यात कळलं, पण त्यानं लगेच चुकीचा निष्कर्ष काढला. "म्हणजे कॅशच सुरक्षित!" इथंच बहुतेक जण फसतात.

रोजच्या सौद्यात उठायची वेळ बाजार समिती ठरवते. कॅशच्या टेबलावर ती तुम्ही ठरवायची असते. २०१८ साली मी संध्याकाळी सातला चौदा हजार वर होतो. बस नऊची. "आणखी दोन फेऱ्या" म्हणत बसलो, एका डावात माझी राजांची जोडी समोरच्याच्या तीन सत्त्यांवर आपटली, आणि त्यानंतर मी पोकर खेळतच नव्हतो, माझे चौदा हजार परत मागत होतो. रात्री अडीचला तीन बाय-इन, म्हणजे टेबलावर बसायच्या तीन रकमा, गेलेले, बस गेलेली, आणि जेटीवर समोसा खात बसलेलो. पत्ते वाईट आले असं म्हणायला जागा नाही. एक डाव नशिबानं गेला, बाकीचे मी घालवले. खेळणारे याला टिल्ट म्हणतात. आमच्या आईचा शब्द जास्त बरोबर होता, "इरेला पेटलाय."

म्हणून निवड करताना माझा पहिला प्रश्न पैशाचा किंवा कौशल्याचा नसतो. मेंढीकोटात सलग तीन कोट चढल्यावर तुम्ही काय करता? हसून पत्ते पिसता, की "आता उठायचं नाही कुणी" म्हणता? दुसऱ्या गटातले असाल तर किमान पहिलं वर्ष टूर्नामेंटच खेळा. हरायची हद्द तिथं दारातच ठरते. ५,००० भरले, ५,००० गेले, विषय संपला.

संपला खरा, पण एक पळवाट आहे. हल्ली बहुतेक टूर्नामेंटना री-एंट्री असते. बाद झालात की पहिल्या काही तासांत पुन्हा फी भरून आत जाता येतं. काही ठिकाणी दोन-तीनदाही. तेव्हा ५,००० ची टूर्नामेंट १५,००० ची कधी झाली हे कळत नाही. फी भरण्याआधीच ठरवायचं, एक गोळी की दोन, म्हणजे फी एकदाच की दोनदा.

दुसरा प्रश्न वेळेचा. दुपारी दोनला सुरू झालेली टूर्नामेंट तुमच्यासाठी पावणेतीनला संपू शकते किंवा पहाटे तीनला. दोन्हीची तयारी लागते. तेरा तास बसून डोकं चालवायचं आहे हे लक्षात घ्या. माझ्या ओळखीचा एक डॉक्टर सकाळच्या ओपीडीमुळं टूर्नामेंटला हात लावत नाही. तो कॅशला बसतो, मोबाइलमध्ये गजर लावतो, आणि गजर वाजला की हातातला डाव संपवून उठतो. जिंकत असो वा हरत असो. अशी माणसं मी दोनच पाहिलीत.

आता खेळाबद्दल. नियम तेच, पण खेळ दोन वेगळे आहेत. कॅशमध्ये तुमच्याकडं साधारण शंभर मोठ्या ब्लाइंडचा स्टॅक, म्हणजे चिप्सचा ढीग, असतो. म्हणजे ५०/१०० च्या टेबलावर १०,०००. इतका माल पुढ्यात असला की फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामायिक पानं उघडल्यावर, खरा खेळ सुरू होतो. चौथं पान, पाचवं पान, समोरचा का थांबला, आत्ताच का वाढवलं. धीर धरणाऱ्याला आणि माणसं वाचणाऱ्याला इथं फळ मिळतं.

टूर्नामेंटचं गणित करून बघा. १२० खेळाडू, प्रत्येकाला २०,००० चिप्स, सुरुवातीचे ब्लाइंड १००/२००. सगळ्यांकडं शंभर ब्लाइंड, झकास. सहा-सात तासांनी ३० जण उरले. एकूण चिप्स २४ लाख, म्हणजे सरासरी ८०,०००. पण ब्लाइंड तोवर १,५००/३,००० झालेले. सरासरी स्टॅक सत्तावीस ब्लाइंडसुद्धा नाही, आणि निम्म्या लोकांकडं पंधराच्या आतबाहेर. तिथं नदीचं, म्हणजे शेवटचं पाचवं पान बघायची चैन नसते. हातातल्या पहिल्या दोन पत्त्यांवरच सगळं पुढं सरकवायचं की फेकायचं, हा एकच निर्णय पुन्हा पुन्हा. लहान जोडी विरुद्ध दोन मोठे पत्ते हा सामना जवळपास नाण्याच्या फेकीसारखा, जोडीकडं जरासा झुकलेला. ५५ टक्के धरले तरी असे तीन सामने सलग जिंकायची शक्यता सहात एक.

आणि तिथं बरोबर खेळण्याचा अर्थही बदलतो. एकदा १५ जणांना बक्षीस होतं आणि आम्ही १६ उरलो होतो. याला बबल म्हणतात. माझ्याकडं अकरा ब्लाइंड. शेजारच्या टेबलावर दोघांकडं दोन-दोनच, म्हणजे पुढच्या फेरीत त्यांतला एक जाणारच. समोरच्या सर्वांत मोठ्या स्टॅकवाल्यानं सगळं पुढं ढकललं. तो गेला अर्धा तास प्रत्येक डावात तेच करत होता. माझ्याकडं एक्का-गुलाम. मी चिडून कॉल केला, म्हणजे माझंही सगळं लावून सामना घेतला. त्याच्याकडं अठ्ठ्यांची जोडी, ती टिकली, मी सोळावा. कॅशमध्ये असल्या माणसाला एक्का-गुलामावर कॉल करणं वाईट नाही. तिथं मात्र तो शुद्ध गाढवपणा होता, कारण दहा मिनिटं गप्प बसलो असतो तरी बक्षिसात होतो. याचं टोकाचं उदाहरण सॅटेलाइटचं, म्हणजे मोठ्या स्पर्धेची तिकिटं देणाऱ्या लहान टूर्नामेंटचं. दहा सारखी तिकिटं आणि अकरा जण उरलेले असताना तुमचा स्टॅक दुसऱ्या क्रमांकाचा असेल आणि पहिल्या क्रमांकाचा ऑल-इन गेला, म्हणजे त्यानं सगळं पुढं ढकललं, तर दोन एक्केसुद्धा फेकायचे असतात. कॅशवाल्याला हे सांगितलं की तो माझ्याकडं वेड्यासारखा बघतो.

सॅटेलाइटचं नाव काढलं की कुणीतरी क्रिस मनीमेकरचा विषय काढतंच. ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून आलेला अमेरिकेतला हिशेबनीस, २००३ साली पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जणांत पहिला, २५ लाख डॉलर. आडनाव खरंच मनीमेकर. गोष्ट खरी आहे आणि छानही आहे. फक्त त्याच स्पर्धेत २०२३ ला १०,०४३ प्रवेश झाले होते, हेही सोबत सांगावं.

चांगल्या खेळाडूचेही टूर्नामेंटमध्ये किती हाल होतात ते बघा. शंभरात अठरा वेळा बक्षिसात येणारा माणूस चांगलाच म्हणायचा. त्याला सलग दहा टूर्नामेंटमध्ये दमडी न मिळण्याची शक्यता तरीही साधारण सातात एक. आम्ही वर्षाला चार-पाच वेळा जाणारे. म्हणजे दोन वर्षं रिकाम्या हातानं परत येऊनही आपण वाईट खेळतो की नाही हे कळणार नाही. शिकायचं असेल तर कॅश बरी, एका संध्याकाळी दीडशे-दोनशे डाव मिळतात आणि चुका लवकर उघड्या पडतात.

घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा दोन्हीकडं असतो, फक्त दिसतो वेगळा. टूर्नामेंटची फी "५,००० + ६००" अशी लिहिलेली असेल तर ६०० त्यांचे, सरळ हिशेब. कॅशमध्ये प्रत्येक डावातून रेक कापला जातो आणि तो डोळ्यांत भरत नाही. समजा डावामागं सरासरी १०० रुपये गेले, तासाला तीस डाव झाले, तर टेबलावरून तासाला ३,००० उठले. सहा तासांत १८,०००. नऊ जण असतील तर प्रत्येकाच्या खिशातून २,०००, तुम्ही जिंका वा हरा. लहान ब्लाइंडच्या टेबलावर हा बोजा फार जड पडतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. तो फीमध्ये धरलाय की वरून लागणार, हे काउंटरवर आधी विचारायचं. लाज वाटून घेऊ नका, मी दर वेळी विचारतो.

आयकर तर आणखी खट्याळ. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आणि वर उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. वर्षात बारा टूर्नामेंट खेळलात, फीचे ६०,००० गेले, आणि एकदा १ लाख लागले. कर ३१,२०० जाऊन हातात ६८,८००. फी वजा केली की ८,८००. त्यात बस, लॉज आणि माशाचं जेवण बसवून दाखवा.

मग भाच्याला काय सांगितलं? त्याची वर्षाची मर्यादा ६०,००० होती, गेले तरी हप्ते चुकणार नाहीत अशी. तेवढ्यात ५०/१०० चे फक्त सहा बाय-इन बसतात. कॅश गंभीरपणे खेळायला लोक पंचवीस-तीस बाय-इन बाजूला ठेवतात. टूर्नामेंटसाठी तर शंभर. दोन्ही हिशेबांनी तो तोकडाच, म्हणून ही रक्कम मौजेची समजायची आणि जिथं ती जास्त दिवस पुरेल तिथं खेळायचं. त्याचा स्वभाव मला ठाऊक. लहानपणी बदाम सात हरला की पत्ते फेकायचा. म्हटलं, टूर्नामेंट, आणि एकच गोळी.

वय २१ पूर्ण लागतं, तो २६ चा आहे. खेळायचं ते गोव्यात, कारण महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कागदावरचा कॅसिनो कायदाही २०२३ मध्ये रद्द झाला, आणि १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच. गंमत म्हणजे खुद्द गोवेकरांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला मनाई आहे. पणजीतला माझा मावसभाऊ आम्हाला जेटीपर्यंत सोडतो आणि तिथून मागं फिरतो. त्याचा मी एक उपयोग शोधून काढलाय.

फी भरण्याआधी भाच्याला चार गोष्टी विचारून यायला लावल्या. ब्लाइंड किती मिनिटांनी चढतात, री-एंट्री कुठवर, किती जणांना बक्षीस, आणि उशिरा प्रवेश कधी बंद. वीस मिनिटांपेक्षा लहान लेव्हल असेल तर मी पुढची टूर्नामेंट बघतो, त्यात नुसतं नशीब पळवतं. इथं अर्ध्या तासाची निघाली. बसला. छान खेळला, दोन तास. मग त्याच्या एक्का-राणीवर एक्का-राजा आला आणि सव्वाचारला तो बाहेर.

मी त्या दिवशी कॅशला होतो. खुर्चीमागं येऊन उभा राहिला, कान लाल झालेले. "मामा, री-एंट्री अजून चालू आहे. नाहीतर तुझ्याच टेबलावर एक खुर्ची रिकामी होतेय. नाव लिहू का?"

"लिही की," मी म्हटलं. "पैसे?"

त्यानं खिसे चाचपले. कार्ड, फोन, जास्तीची रोकड, सगळं सकाळीच जेटीवर मावसभावाकडं दिलेलं होतं.