पावसाच्या पाण्यातून चालत घरी आलात ना? मग ७२ तासांच्या आत हे करा

मुंबईत हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे गुडघाभर पाण्यातून चालावंच लागतं. घरी येऊन कपडे बदलले, चहा घेतला की आपण विसरतो. माझ्या दादानेही तेच केलं. आठ दिवसांनी ताप आला, डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, पाण्यातून चाललास का हे त्यांनी विचारलं नाही आणि ह्यालाही सांगायचं सुचलं नाही. चौथ्या दिवशी डोळे लालभडक, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की मोरीपर्यंत भिंत धरून जायचा, लघवी कमी झालेली. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तुंबलेल्या पाण्यातून होणारा आजार, निघाला. वाचला, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

लेप्टोचे जंतू उंदीर-घुशी, कुत्रे, गुरं यांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि कातडी जिथे फुटलेली असेल तिथून किंवा डोळ्या-नाका-तोंडातून आत शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतर ऑगस्टमध्ये मुंबईत ह्याचीच साथ आली होती.

तर घरी आल्या आल्या पाय साबणाने स्वच्छ धुवा, पुसून कोरडे करा आणि मोबाईलचा टॉर्च लावून नीट बघा. "मला जखम नाहीये" असं दादाही म्हणत होता, आणि टाचेच्या भेगेत काळी रेघ बसलेली, बोटांच्या मधे चिखल्या होऊन कातडी पांढरी पडून सुटलेली. ह्या सगळ्या जखमाच धरायच्या. चपलेचा पट्टा घासून सोललेलं, शेव्हिंग करताना कापलेलं, सगळं.

मग ताप यायची वाट न बघता महापालिकेच्या दवाखान्यात जा, ७२ तासांच्या आत. तिथे डॉक्सिसायक्लिन, म्हणजे लेप्टो होऊ नये म्हणून घ्यायची अँटिबायोटिक गोळी, फुकट मिळते. साधारण हिशोब असा की एकदाच चाललात आणि जखम नाही तर २०० मिलिग्रॅम एकदाच, जखम असेल तर ३ दिवस रोज, आणि जे परत परत पाण्यात उतरतात, म्हणजे सफाई कामगार वगैरे, त्यांना आठवड्यातून एकदा असं ६ आठवडे. पण कुणाला किती ते डॉक्टरच ठरवणार, मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. गरोदर बायका आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत, त्यांचं औषध वेगळं असतं, म्हणून आधीच सांगा. गोळी जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, घशात जळजळ होते.

गोळी घेतली तरी पुढे ताप आला तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना पहिलंच वाक्य "मी अमुक तारखेला तुंबलेल्या पाण्यातून चाललोय" हे सांगा. अंगदुखीसाठी ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, किडनीवर आधीच ताण असू शकतो. डोळे पिवळे दिसले, लघवी कमी झाली, दम लागला तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, सकाळपर्यंत थांबू नका.

ताप बहुतेक वेळा ५ ते १४ दिवसांनी येतो आणि तोवर ते पाणी कुणाच्या लक्षातही नसतं, म्हणून आमच्याकडे आता जो कोणी पाण्यातून चालून येईल त्याच्या नावाने आई त्याच रात्री कॅलेंडरवर तारखेला गोल करते.