जुन्या लॅपटॉपची रॅम आणि ग्राफिक्स कार्ड कसे बदलावे

जुना लॅपटॉप रखडू लागला की रॅम (चालू कामांची तात्पुरती मेमरी) वाढवावी आणि जमल्यास ग्राफिक्स कार्डही (पडद्यावरचे चित्र घडवणारा भाग) बदलावे, असे वाटू लागते. दोन्ही वस्तू एकाच झाकणाखाली असल्या तरी ही कामे अगदी वेगळी आहेत. रॅम बदलणे स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही जमते. ग्राफिक्स कार्ड मात्र बहुतांश लॅपटॉपमध्ये सुटे नसतेच. त्याची चिप मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) सोल्डर केलेली असते आणि ती घरी काढता-घालता येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की आधी रॅमचे काम पुरे करा, काही दिवस मशीन वापरा आणि मगच ग्राफिक्सकडे वळा. पुष्कळदा तिकडे वळायची गरजच उरत नाही.

आधी मशीन ओळखा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मधल्या ‘मेमरी’वर जा. एकूण रॅम, तिचा वेग आणि वापरातले स्लॉट तिथेच दिसतात. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडिम’ असेल तर रॅमची पट्टी स्लॉटमधून (खोबणीतून) निघणारी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम सोल्डर केलेली आणि जोडीला एक स्लॉट, अशीही रचना असते. लिनक्सवर ही माहिती ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा देते.

याच खिडकीत आणखी एक गोष्ट पाहून घ्या. रोजची सगळी कामे उघडी ठेवा आणि आकडे बघा. रॅम ८०-९० टक्के भरत असेल तर ती वाढवून फरक पडेल. रॅम निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा आहे; तिथे आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा.

मग लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्या आणि त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या ती मॅन्युअल्स मोफत उपलब्ध करून देतात. कोणता स्क्रू कुठे आहे आणि कमाल किती रॅम चालते, हे त्यातच मिळते.

योग्य रॅम निवडा

चुका होतात त्या इथेच, बसवताना नाही. लॅपटॉपच्या रॅमपट्ट्या पिढीनुसार बदलतात (डीडीआरपुढचा आकडा म्हणजे पिढी): डीडीआर२ ला २०० पिना, डीडीआर३ ला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. खाचेची जागाही निरनिराळी असल्याने एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

खरी गफलत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात, कारण दिसायला आणि बसायला दोन्ही सारख्याच. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते. डीडीआर३एलची पट्टी सहसा १.५ व्होल्टच्या जुन्या मशीनमध्येही चालते, पण उलटे जमत नाही. चौथ्या पिढीच्या इंटेल कोअर लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच पट्टी हवी असते. संभ्रम असेल तर सरळ डीडीआर३एल घ्या.

दुसरी अडचण चिपांच्या घनतेची. चौथ्या पिढीपर्यंतचे इंटेल प्रोसेसर ४ गिगाबिटपर्यंतच्याच मेमरी चिप ओळखतात (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). म्हणजे ८ जीबीच्या पट्टीवर दोन्ही बाजूंच्या मिळून १६ चिप असायला हव्यात. ८ जीबीची पट्टी ८ चिपांतच बनवलेली असेल, तर अशा मशीनमध्ये पडदा काळाच राहतो आणि पट्टी खराब निघाली असा गैरसमज होतो. लेबलावर ‘२आरएक्स८’ आहे ना, एवढे पाहून घ्या.

वेगाची फार चिंता नको. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात, इतकेच. विंडोज ३२-बिटची असेल तर मात्र नेहमीच्या आवृत्त्यांमध्ये ४ जीबीपलीकडची रॅम वाया जाते. त्याआधी ६४-बिटवर या.

आता ग्राफिक्सशी थेट संबंध असलेली गोष्ट. प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधलाच वाटा वापरते. १६०० वेगाची डीडीआर३ पट्टी एकटी असेल तर सेकंदाला १२.८ जीबी डेटा वाहू शकतो. तशाच दोन पट्ट्या असतील तर ही मर्यादा २५.६ जीबी होते. अंगभूत ग्राफिक्सचा वेग बहुधा इथेच अडलेला असतो, त्यामुळे रिकाम्या स्लॉटमध्ये जोडीची पट्टी घातली की हलके गेम्स उघड जाणवण्याइतके सुधारतात. एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन घ्या, असे मी म्हणतो ते यासाठीच.

पट्टी बसवा

१. डेटाचा बॅकअप घ्या. लॅपटॉप पूर्ण बंद करा. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ पूर्ण होत नाही, म्हणून शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा. स्लीप किंवा हायबरनेट चालणार नाही.

२. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा. नंतर पॉवरचे बटण १५-२० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते.

३. तळाचे स्क्रू काढा. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. कागदावर तळाचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावत जा. हे टाळू नका. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला तर तो बोर्डापर्यंत पोहोचून मशीन कायमचे निकामी करू शकतो.

४. झाकणाच्या कडेने प्लास्टिकची पातळ पट्टी फिरवा. झाकण अडले तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो. बॅटरी आत असेल तर हात लावण्याआधी तिचा कनेक्टर सोडवा.

५. अंगातली स्थिर वीज काढण्यासाठी रंग नसलेल्या, जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. गालिच्यावर बसून हे काम करू नका. पट्टी कायम कडेने धरा.

६. जुनी पट्टी काढायची असेल तर दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकदम बाहेर सारा. ती आपोआप वर उचलली जाते. नवी पट्टी खाच जुळवून साधारण ३० अंशांच्या कोनात, सोनेरी टोके जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही क्लिपांचा ‘टक्’ आवाज यायला हवा.

७. बॅटरी जोडा आणि सगळे स्क्रू आवळण्याआधी एकदा सुरू करून पाहा. पहिल्या वेळी नवी रॅम ओळखताना पडदा काही वेळ काळा राहू शकतो, मिनिटभर थांबा.

तरीही सुरू झाला नाही तर वीज पुन्हा तोडा आणि एकेक पट्टी, एकेक स्लॉट तपासा. बहुतेक वेळा पट्टी नीट आत गेलेली नसते. सुरू झाल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा; एकही चूक दिसली तर ती पट्टी परत करा. दाखवलेली रॅम अपेक्षेपेक्षा थोडी कमी असेल तर काळजी नको, तेवढा भाग अंगभूत ग्राफिक्सने राखून ठेवलेला असतो.

ग्राफिक्स कार्ड: बदलता येते का?

सुटे कार्ड असते ते एमएक्सएम नावाच्या स्लॉटमध्ये. डेल प्रिसिजन एम४८०० आणि एम६८००, एचपी एलिटबुक ८५७०डब्ल्यू आणि ८७७०डब्ल्यू, तसेच क्लेवोचे अनेक जाडजूड गेमिंग लॅपटॉप, ही त्याची उदाहरणे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ग्राफिक्स कार्ड काढण्याची वेगळी कृती दिली असेल तर तुमचे कार्ड सुटे आहे. मॅन्युअल फक्त ‘सिस्टीम बोर्ड’ बदलायला सांगत असेल, तर हा विचार सोडा.

स्लॉट असला तरी कुठलेही कार्ड चालत नाही. एमएक्सएम ३ मध्ये ए प्रकाराचे कार्ड ८२ × ७० मिमी आणि बी प्रकाराचे ८२ × १०५ मिमी असते. हीटसिंकची (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाची) छिद्रे, कार्डावरच्या चिपांची उंची, लॅपटॉपचे बायोस (मशीन सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर), कार्डाचे स्वतःचे तसेच सॉफ्टवेअर म्हणजे व्हीबायोस आणि चार्जरची क्षमता, हे सगळे जुळावे लागते. काही बायोस अनोळखी कार्ड सरळ नाकारतात. म्हणून त्याच मॉडेलसोबत कंपनीने विकलेल्या कार्डांपैकी वरचे कार्ड निवडणे सर्वांत सुरक्षित. ड्रायव्हरही (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आधी पाहा: एनव्हिडियाने केप्लर या जुन्या पिढीच्या लॅपटॉप कार्डांसाठी नवे गेम ड्रायव्हर २०१९ मध्येच थांबवले, त्यामुळे ६०० आणि ७०० मालिकेतल्या बऱ्याच कार्डांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

बदलताना लॅपटॉपचे बायोस अद्ययावत करून घ्या. हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमाच्या उलट, थोडे थोडे सैल करा. जुनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मुख्य चिपवर नव्या पेस्टचा मटाराएवढा ठिपका ठेवा. मेमरी चिपांवर पेस्ट चालत नाही, तिथे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारे मऊ तुकडे) लागतात आणि त्यांची जाडी मूळ पॅडइतकीच हवी. जाड पॅड लावला तर हीटसिंक मुख्य चिपला टेकतच नाही आणि कार्ड काही मिनिटांत तापून बंद पडते. सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडा, पंधरा-वीस मिनिटे जड गेम चालवा आणि तापमान बघा. ते ९० अंशांपुढे चढत असेल तर उघडून पॅड पुन्हा तपासा.

बाहेरून कार्ड जोडण्याचा मार्ग

स्लॉट नसेल पण थंडरबोल्ट ३ हे वेगवान पोर्ट असेल, तर डेस्कटॉपचे कार्ड बाहेरच्या पेटीत बसवून जोडता येते. त्याची सेकंदाला ४० गिगाबिटची वाट बऱ्यापैकी पुरते. त्याहून जुन्या मशीनमध्ये एक्सप्रेसकार्डचा (कडेला असलेला, जास्तीचे कार्ड खुपसायचा) किंवा वायफायचा मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉट वापरता येतो, पण तिथे पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन (डेटाची मार्गिका) मिळते, त्यामुळे महागडे कार्ड घेऊन उपयोग नाही. मॉनिटर थेट कार्डालाच जोडा. लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र परत आणायचे तर तीच अरुंद वाट पुन्हा अडते. आणि एक्सप्रेसकार्ड किंवा वायफाय स्लॉटमधून जोडलेले कार्ड चालू मशीनमधून कधीही उपसू नका. आधी लॅपटॉप बंद करा, मग कार्डाचा वीजपुरवठा बंद करा आणि नंतरच केबल काढा.