हॉस्टेलवरचं हॅलोविन: भोपळा, करवंटी आणि आठ मेणबत्त्या

आधी कॅलेंडर बघा, भोपळ्याचं नंतर. हॅलोविन, म्हणजे भुतांचे वेश करून आणि कोरलेल्या भोपळ्यात दिवा ठेवून साजरा करायचा परदेशी सण, ३१ ऑक्टोबरलाच येतं, आपली दिवाळी मात्र तिथीप्रमाणे मागेपुढे होते. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्या पहाटे मी कुडाळजवळच्या आमच्या घरी तुळशीपाशी डाव्या पायाने कारीट फोडत होते आणि रत्नागिरीतलं आमचं हॉस्टेल रिकामं पडलं होतं. २०२५ मध्ये दिवाळी लवकर उरकली, मुली फराळाचे डबे घेऊन परतल्या आणि आम्ही पहिल्यांदा हॅलोविन केलं. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी आणि दिवाळी ८ नोव्हेंबरला. म्हणजे मुली असतील, फराळ नसेल. खाऊची सोय वेगळी करावी लागेल.

परवानगी घ्या. लपूनछपून करायला जाऊ नका, किंकाळ्या खालपर्यंत ऐकू जातात. आम्ही अर्जात नुसतं ‘हॅलोविन’ लिहिलं, तो प्रश्नचिन्ह मारून परत आला. मग लिहिलं, ‘भयकथाकथन आणि वेशभूषा, कॉमन रूम, रात्री ८ ते १०’. लगेच सही. अट एकच, ज्योत पेटवायची नाही. मी आठ मेणबत्त्या आधीच आणून ठेवल्या होत्या, त्यामुळे माझा पापड मोडला. पण नायलॉनचं जाळं, भाताचा पेंढा आणि सतरा ओढण्या एका खोलीत जमल्यावर मला रेक्टर मॅडमचं म्हणणं पटलं.

दुसरी गोष्ट मॅडमनी न सांगता पाळा. फर्स्ट इयरच्या मुलींना अंधारात गाठून घाबरवायचं नाही. तुम्हाला गंमत वाटेल, तिला नाही वाटली तर ते रॅगिंग. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून कायदा आहे आणि ‘हॅलोविन होतं हो’ हे उत्तर कुठे चालत नाही. ज्यांना घाबरायचंय त्यांनी कॉमन रूममध्ये यावं, बाकीच्यांनी दाराला कडी लावून झोपावं.

आता भोपळा. आपल्याकडचा तांबडा भोपळा चित्रातल्यासारखा नारिंगी, गोल नसतो. बाहेरून हिरवट-करडा, बसका, आणि साल अशी की मेसमधल्या सुरीने हात टेकले. बसका असला तरी चालेल, तळ सपाट बघून घ्या. देठाकडचं झाकण कापताना सुरी आत तिरकी धरा, सरळ कापलंत तर झाकण आत पडतं. बिया आणि धागे चमच्याने काढा आणि मग ज्या बाजूला तोंड काढायचं ती आतून खरवडत बोटभर जाडीची करा. हे आम्ही केलं नव्हतं. चार बोटं जाड गर, आत दिवा लावला तरी बाहेरून नुसती भोकं दिसत होती. डोळे-दात आधी पेनाने काढा, त्रिकोणच ठेवा, गोल कापायला गेलात की बिघडतं. सुरी अंगापासून लांब चालवा. आणि कापायचं ते त्याच दिवशी दुपारी. कोकणातल्या दमट हवेत कापलेल्या भोपळ्याला दोन दिवसांत बुरशी धरते.

गर टाकायचा नाही. मेसच्या मावशींना दिलात तर गूळ घालून घारगे होतात, आमच्या कार्यक्रमात सगळ्यात आधी तेच संपले. मी आजीला फोटो पाठवला तर तिचा फोन आला, ‘भोपळ्याक तोंड कित्याक काढलंस गो? भाजी करूची होती.’

खरं तर भोपळा नसला तरी काही अडत नाही. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरायचे, तिथले लोक अमेरिकेत गेल्यावर भोपळा आला. मग आपण नारळ का घेऊ नये? त्याला दोन डोळे आणि तोंड जन्मतःच असतं. नारळ असा फोडा की डोळ्यांकडची अर्धी वाटी अखंड राहील. खोबरं काढून मेसला द्या. शेंडी उपटून डोळे मोकळे करा, कडेचा काथ्या राहू द्या, तेच केस. तीनपैकी एक डोळा मऊ असतो, तो सहज आरपार जातो, बाकीच्या दोघांना खिळा आणि हातोडी लागते. मागे बॅटरीवरचा दिवा ठेवला की करवंटी अशी रोखून बघते की आम्ही रात्री दोन करवंट्यांची तोंडं भिंतीकडे फिरवून ठेवली.

लाल उजेडासाठी जिलेटिन पेपर आणा, आकाशकंदिलाच्या सामानात मिळतो. मोबाइलच्या टॉर्चवर लावला की काम झालं. कोळिष्टकांसाठी विकतचा कापूस घेऊ नका. आम्ही मिरकरवाडा बंदरावरून मोडीत काढलेलं जाळं मागून आणलं, कोणी पैसे घेतले नाहीत. वास मात्र बांगड्याचा. दोनदा साबणाच्या पाण्यात बुडवून चांगलं ऊन द्या. आम्हाला पावसाने ऊनच दिलं नाही, त्यामुळे आमच्या कोळिष्टकांना शेवटपर्यंत मांजरं येत होती.

रक्त. पहिल्या वेळी आम्ही साखर घातलेलं कोकम सिरप वापरलं. रंग झकास, पण अर्ध्या तासात मुंग्या माझ्या मानेवर. कोकमाचं नुसतं आगळही नको, मीठ असतं, मुरुम फुटलेला असेल तर झोंबतं आणि कपड्यावरचा डाग जात नाही. बीट किसून पिळा, त्या रसात चमचाभर कॉर्नफ्लोर घालून दोन मिनिटं शिजवा, गार करा. ओघळ हवा तिथेच थांबतो.

चेहऱ्याची रंगपेटी विकत घ्यायची गरज नाही. माझे मामा दशावतारात काम करतात, तोंड स्वतःच रंगवतात. त्यांच्याकडून शिकले ते एवढंच: आधी खोबरेल तेलाचा हात, वर पांढरा रंग पातळ, डोळ्यांभोवती काजळ बोटाने पसरून. गालांच्या खोबणीतही थोडं काजळ, तोंड बसल्यासारखं दिसतं. उतरवताना परत खोबरेल, साबण शेवटी. हार्डवेअरच्या दुकानातला रंग किंवा केसांचा काळा रंग तोंडाला लावू नका.

वेश ठरवताना आपसात बोला. आम्ही बोललो नाही, तर सतराजणींपैकी अकरा हडळी. पांढरी साडी आणि मोकळे केस, दुसरं काही सुचलंच नाही कोणाला. त्यातल्या त्यात भारी निघाली ती बुजगावणं झालेली मुलगी: बाबांचा जुना शर्ट, बाह्यांतून पेंढा, डोक्यावर मडकं. गावी माळ्यावर जुनं इरलं, म्हणजे पावसात पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन, पडलं असेल तर ते आणा. पाठीवर इरलं घेऊन पॅसेजच्या टोकाला नुसतं वाकून उभं राहिलं तरी पुरे. माझं एकच सांगणं, देवचार किंवा राखणदार होऊ नका. त्यांना आमच्याकडे नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. ती काही गंमतीची भुतं नव्हेत. मुंजा, खवीस, चेटकीण यांची हरकत नसावी.

कार्यक्रमाचा जीव म्हणजे गोष्टी. गाणी लावून नाचायचं तर कधीही नाचता येतं. दिवे घालवा, एका वेळी एकच करवंटी पेटती, ती जिच्या हातात तिने बोलायचं. नियम असा की गोष्ट आपल्या गावची हवी, मोबाइलवर वाचलेली नको. पहिल्या दोघी लाजतात, तिसरीला चकव्याची गोष्ट सांगायला लावा. वाट चुकवून रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवणारा चकवा प्रत्येकीच्या आजोबांना भेटलेला असतो, त्यामुळे मग सगळ्या एकदम बोलू लागतात. खाडीतला गिऱ्हा शेवटी ठेवा. आमच्या बाथरूमचा नळ गळतो, तो त्या वेळी ऐकू येतो.

खाऊ दारोदार मागायचा. २०२५ मध्ये डब्यांच्या तळाशी उरलेल्या चकल्या नि फुटक्या करंज्या होत्या. फराळ नसेल तर मालवणी खाजा, खडखडे लाडू, आंबापोळी आणा. आम्ही प्रत्येकी चाळीस रुपये काढले, त्यात भोपळाही बसला.

सकाळी झाडलोट तुम्हीच करा, सफाईच्या ताईंवर पेंढा टाकू नका. आमच्या झाडलोटीत माझी रूममेट नव्हती. ती वेंगुर्ल्याकडची, ख्रिश्चन. सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ म्हणून हॅलोविन हे नाव पडलं, ते तिनेच मला सांगितलं होतं. २ नोव्हेंबरला त्यांच्याकडे मृतांचा दिवस, घरची माणसं दफनभूमीत जाऊन थडगी साफ करतात, फुलं ठेवतात. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडायच्या गडबडीत तिने विचारलं, ‘त्या आठ मेणबत्त्या तुला लागणार आहेत का?’ मी कपाटातून काढून तिच्या पिशवीत टाकल्या.