जपानी-स्पॅनिश शब्दांची गंमत: यादी कशी करायची, कशी तपासायची

वेरूळ-अजिंठ्याला जपानी पाहुणे फिरवणाऱ्या गाईडने स्पॅनिश शिकायला घेतली की लवकरच डोकं चक्रावतं. ‘बाका’ जपानीत मूर्ख, स्पॅनिशमध्ये गाय. आपल्याकडे प्रसंग बाका असतो. ‘कासा’ जपानीत छत्री, स्पॅनिशमध्ये घर. ‘आहो’ जपानीत पुन्हा मूर्खच, स्पॅनिशमध्ये लसूण, आणि आपल्या घरात नवऱ्याला मारलेली हाक.

कारण साधं आहे. दोन्ही भाषांत स्वर पाचच, आणि बरीचशी अक्षरं एक व्यंजन, एक स्वर अशी सुटसुटीत. कवड्या कमी असल्या की तेच दान पुन्हा पुन्हा पडणार. शब्द पाठ करायला ही गंमत कामाची आहे, पण यादी नीट केली तरच.

यादी रोमन लिपीत करू नका. देवनागरीत, कानाला ऐकू येईल तशी लिहा. स्पॅनिशमध्ये एच मुका, व्ही आणि बी दोन्ही ‘ब’, आणि जे स्पेनमध्ये घशातून घासून येतो, कॅरिबियन किनाऱ्यावर मऊ ‘ह’ होतो. जपानीत ‘ल’ नाही. ‘त्सुनामी’तला पहिला उच्चार ‘चूल’मधल्या ‘च’सारखा. लांब स्वरापुढे आडवी रेघ द्याच: ‘ओबासान’ मावशी-आत्या, ‘ओबा–सान’ आजी. स्पॅनिशमध्ये आघात कुठे आहे ते खुणेने दाखवा, कारण ‘पापा’ पहिल्या अक्षरावर दाबलं तर बटाटा (लॅटिन अमेरिकेत), शेवटच्यावर दाबलं तर बाप.

रकाने चार करा: उच्चार, जपानी अर्थ, स्पॅनिश अर्थ आणि नातं, म्हणजे शब्द उसना की निव्वळ योगायोग. याद्या फसतात त्या चौथ्या रकान्यात. ‘पान’ म्हणजे दोन्हीकडे ब्रेड, पण तो योगायोग नव्हे. 1543 मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले, त्यांच्याकडून तो शब्द जपानीत गेला. आपला ‘पाव’ही त्याच घरचा. ‘काकी’ हे जपानी फळ तर नावासकट स्पॅनिशमध्ये गेलं. गंमत अशी, की स्पॅनिशमध्ये त्याच अक्षरांचा दुसरा शब्द म्हणजे आपली खाकी. उलट ‘आरिगातो’ पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला असं सर्रास सांगतात, ते चूक, तो त्याआधीपासूनचा अस्सल जपानी शब्द आहे.

पहिली चाचणी: जपानी शब्द एरवी काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठी वापरतात त्या जपानी लिपीत, लिहितात का? लिहीत असतील तर तो बहुधा उसना, पुढे शोधा. स्पॅनिशसाठी रेआल आकादेमिया या स्पेनच्या भाषा-संस्थेचा ऑनलाइन कोश फुकट आहे, त्यात बहुतेक शब्दांची व्युत्पत्ती मिळते. या चाळणीतून उतरलेला अस्सल हिरा म्हणजे जपानी ‘मिरु’ आणि स्पॅनिश ‘मिरार’. दोन्हींचा अर्थ पाहणे, नातं शून्य. आणि प्रश्नाच्या शेवटी येणारा जपानी ‘का’? ‘इकिमास का?’ म्हणजे ‘जाता का?’ हा आपल्याला फुकटात मिळालेला.

नावांचा भाग वेगळा ठेवा. ‘रिसा’ या जपानी मुलीचं नाव स्पॅनिशमध्ये हसू, ‘रेइना’ राणी, ‘युका’ म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद. फुटबॉलपटू ताकेफुसा कुबो स्पेनमध्ये खेळतो, तिथे ‘कुबो’ म्हणजे बादली. आपली ‘लता’ स्पॅनिश कानाला पत्र्याचा डबा. जपानी माणसाने तिला ‘राता’ म्हटलं की थेट उंदीर. गाड्यांची नावंही यात टाका. निस्सानची ‘मोको’ म्हणजे शेंबूड. ‘पाजेरो’चा स्पॅनिश उच्चार ‘पाहेरो’ ही अश्लील शिवी आहे, म्हणून मित्सुबिशीने स्पॅनिश मुलखात तीच गाडी ‘मोंतेरो’ नावाने विकली.

पाहुण्याच्या नावावर विनोद मात्र त्याने स्वतः काढल्याशिवाय करू नये.

तोंडाला लागलेल्या सवयी जास्त गोत्यात आणतात. स्पॅनिश गटासमोर ड्रायव्हरला ‘ओ काका!’ अशी हाक मारलीत तर पोरं खिदळणारच, त्यांच्या भाषेत ‘काका’ म्हणजे शी. त्याहून वाईट ‘आनो…’. जपानीत वाक्य सुचेपर्यंत ते म्हणतात; स्पॅनिशमध्ये तो गुदद्वाराला शब्द आहे. अडखळलात तर ‘एस्ते…’ किंवा ‘पुएस…’ म्हणा. लेण्याचं वय सांगताना ‘वर्षं’ म्हणजे ‘आन्योस’. त्यातला ‘न्य’ ‘न्याहारी’सारखा स्पष्ट काढा.