टर्बो गाडीचा सायलेन्सर बदलताय? आधी या चुका टाळा

यवतमाळपासून चंद्रपूरपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी टर्बो गाडी गॅरेजात लावा आणि ‘पिकअप पाहिजे’ म्हणा, सल्ला ठरलेला असतो: ‘भाऊ, कॅट काढून मोठा पाइप टाकून देतो, गाडी विमानावानी पयते.’ (कॅट म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.) पयतेही, पहिले चार दिवस. मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला जोर मुद्दाम कमी केलेल्या अवस्थेत जाते आणि चढावर बैलगाडीमागे रखडते. असं का होतं ते कळायला टर्बोचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

इंजिनातून निघालेला गरम धूर टर्बाइनचं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसलेलं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. म्हणजे इथे धूर टाकाऊ नाही, पिकअप त्याच्याच जोरावर आहे. म्हणून टर्बोच्या आधीचा भाग आणि टर्बोनंतरचा भाग यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा. आधीच्या भागात धूर जराही गळता कामा नये आणि उष्णता टिकायला हवी. नंतरच्या भागात अडथळा जितका कमी, तितकं टर्बाइन मोकळं फिरतं. ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर (धुराला अडवणारा उलटा दाब) लागतंच’ हे वाक्य बिनटर्बोच्या गाड्यांच्या काळातून आलं आहे. टर्बोनंतरच्या पाइपाला ते लागू नाही.

टर्बोनंतरचा मोठा अडथळा बहुतेक वेळा टर्बोला लागून असलेल्या डाऊनपाइपमध्ये आणि कॅटमध्ये असतो. सगळ्यात मागचा डबा बदलला की आवाज बदलतो, पिकअपमध्ये जाणवण्यासारखा फरक क्वचितच पडतो. आवाजासाठी पैसे घालवायचे असतील तर खुशाल घाला, पण ताकदीच्या नावाखाली नको.

पहिली चूक: आजार न ओळखता सायलेन्सरला हात घालणे

गेल्या वर्षी चांगली पळणारी गाडी यंदा मंद झाली असेल, तर दोष कंपनीच्या सायलेन्सरच्या मापात नाही, कारण माप तेच आहे. काहीतरी बिघडलंय. आपल्याकडे सगळ्यात आधी एअर फिल्टर काढून बघावा. पांदण रस्त्याची काळी धूळ आणि जिनिंगच्या परिसरात उडणारा कापसाचा तुसा यांनी तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. हाच तुसा रेडिएटर आणि टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाळीतही बसतो. त्यानंतर इंटरकूलरचे रबरी होज आणि त्यांचे क्लॅम्प बघा. होज फाटला असेल तर जोर दिल्यावर सूं-सूं आवाज येतो, डिझेल गाडी काळा धूर सोडते. गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही तपासा. उंदरांना ती फार आवडते. नळी काही रुपयांची असते, आणि तिच्यापायी लोक हजारोंचा पाइप बदलून मोकळे होतात.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेऊन ठेवावा. पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) कमी पडतोय, पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त होतोय, पी ०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही. कोड म्हणजे निदान नव्हे, पण कुठून शोधायला सुरुवात करायची ते कळतं.

आणि ऋतूचंही भान ठेवा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. तापलेली हवा विरळ असते, इंटरकूलरला ती थंड करणं जड जातं, आणि इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच जोर कमी करतो. जानेवारीच्या पहाटे पाइप बसवून ‘काय पिकअप आला’ म्हणायचं आणि मेच्या दुपारी ‘गेला’ म्हणायचं, यात पाइपाचा काही संबंध नसतो. तुलना करायची तर एकाच आठवड्यात, एकाच वेळी, एकाच रस्त्यावर करा.

दुसरी चूक: कॅट किंवा डीपीएफ पोकळ करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल कारमध्ये सहसा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर असतो. तो काजळी पकडतो आणि ठराविक साठा झाला की सुमारे ६०० अंशांवर ती जाळून टाकतो. त्याच्या आधी-नंतर दाबाचा आणि तापमानाचा सेन्सर असतो. आतली जाळी फोडली की दाबाचा आकडा ईसीयूला पटत नाही, दिवा लागतो. मग ‘सॉफ्टवेअरमधून बंद करून देतो’ म्हणणारा भेटतो. म्हणजे एक चूक झाकायला दुसरी. पेट्रोल टर्बोमध्येही कॅटच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात, त्यामुळे तिथेही लपवाछपवी टिकत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात. ‘फुकटात काढून देतो, जुना डबा इथंच राहू द्या’ असं कोणी म्हटलं, तर तो फुकटात का काढतोय याचा विचार करावा.

डीपीएफ वारंवार भरतो ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचं मूळ गावाकडच्या वापरात आहे. घर ते शेत दोन किलोमीटर, शेत ते कृषी केंद्र चार किलोमीटर. एवढ्यात एक्झॉस्ट तापतच नाही आणि काजळी जळत नाही. वर ती जळत असतानाच गाडी बंद केली तर प्रक्रिया अर्धवट राहते, आणि जाळण्यासाठी टाकलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते ऑइल बदला. रेडिएटरचा पंखा विनाकारण जोरात, आयडलिंग थोडं चढलेलं, मायलेजचा आकडा अचानक खाली, गरम वास: ही साफसफाई चालू असल्याची लक्षणं. अशा वेळी गाडी बंद करू नये. आठवड्यातून एकदा हिंगणघाट-वडनेरसारख्या मोकळ्या हायवे पट्ट्यावर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवली तर बहुतेक गाड्यांचा दिवा विझतो. नेमका वेग गाडीच्या पुस्तकात असतो. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं, म्हणजे लो सॅप्स ऑइलच घाला. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती आत कायमची बसते.

पाइपाचं माप

१.२ ते १.५ लिटरच्या गाडीला तीन इंची पाइप लावणं हा हौसेचा मामला आहे. माझ्या मते दोन ते सव्वादोन इंच पुरे. त्याहून मोठा पाइप खाली लोंबतो, गतिरोधकाला घासतो आणि हायवेवर कानात घुमतो.

जोड, गॅस्केट आणि वेल्डिंग

मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) आणि टर्बो यांच्यामधून धूर गळू लागला की टर्बाइनपर्यंत जोर पोचत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक आवाज आणि धातू तापून फुगला की तो कमी होणं, हे त्याचं नेहमीचं लक्षण. जोडाजवळ काळे ओघळही दिसतात. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. गळती शोधायला इंजिन थंड असताना सुरू करा आणि दुसऱ्याला मागचं तोंड जाड ओल्या कापडाने क्षणभर अर्धवट दाबायला सांगा. जोडातला फुसफुस आवाज लगेच ऐकू येतो. हे उघड्यावरच करा. बंद शेडमधला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

लाल सिलिकॉन हा आपल्या मिस्त्रींचा रामबाण. टर्बोजवळ तो अजिबात नको. पेट्रोल टर्बो पूर्ण जोरात पळाली की तिथे ९०० अंशांच्या आसपास तापमान जातं, तिथे सिलिकॉन टिकत नाही, आणि त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. कंपनीचं धातूचं नवं गॅस्केट आणि नवे नट घ्या. जुने स्टड जोर लावून फिरवले तर तुटतात. आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. टर्बो उघडा असताना त्याच्या तोंडात स्वच्छ चिंधी कोंबा, आणि जोडताना ती आठवणीने काढा.

वेल्डिंग करायचंच असेल तर पाइप गाडीखालून काढून करा. गाडीवरच करावं लागलं तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल सोडवा, सेन्सर काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा आणि डिझेल-पेट्रोलची टाकी किती अंतरावर आहे ते स्वतः वाकून बघा. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस गंजाला चांगलं तोंड देतं, पण तापल्यावर जास्त फुगतं. मीटरभर पाइप ४०० अंशांनी तापला तर जवळपास ७ मिलिमीटर लांब होतो. त्यामुळे मधला जाळीचा लवचिक पाइप काढून तिथे सरळ नळी वेल्ड केली की काही महिन्यांत दुसरीकडे कुठेतरी तडा जातो. रबरी हँगरही सगळे परत लागले पाहिजेत. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर थंड गाडीवर नट पुन्हा तपासून घ्या.

उष्णतेची पत्र्याची ढाल फेकून देणे

नवा पाइप बसत नाही म्हणून हीट शील्ड काढून टाकणारे पुष्कळ. ती परत हवीच, वाकवून बसवा. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी, गव्हानंतर काड, उन्हाळ्यात वाळकं गवत: यावर तापलेली गाडी उभी केली तर आग लागू शकते, डीपीएफ साफ होत असताना तर नक्कीच धोका. धुऱ्यावर गाडी लावताना मोकळी जमीन बघा. पाइपाला गुंडाळायची पट्टी साध्या लोखंडावर नको. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि पट्टीखाली पाइप सडतो.

बूस्ट न मोजता पळवणे

डाऊनपाइप मोकळा झाला की वेस्टगेट नावाच्या छोट्या झडपेला जादा धूर बाजूने सोडणं जमेनासं होतं आणि बूस्ट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे चढतो. कंपनीचं सॉफ्टवेअर हे ओळखून इंधन तोडतं. म्हणून समृद्धी महामार्गावर नेऊन बघण्याआधी स्कॅनरवर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट दोन्ही बघा. रिमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून घेणं, करायचं तर आकडे लेखी देणाऱ्याकडेच करा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बांधणीत मनमानी बदल करू देत नाही. कलम १८२अ(४) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या उल्लंघनासाठी कलम १९०(२) मध्ये पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता आहे. म्हणून कॅट, डीपीएफ आणि सेन्सर जागेवर ठेवून, आवाजाच्या मर्यादेत राहून मागचा भाग बदलणं, एवढंच शहाण्याने करावं. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेयर गाडीखाली वाकतोच.

मूळ पाइप कापू देऊ नका. नट-बोल्टवर बसणारंच काम घ्या, म्हणजे पटलं नाही तर तासाभरात जुना सेट परत लागतो आणि गाडी विकताना घेणाराही तो मागतो. काढलेला सेट गोदामात ठेवताना दोन्ही तोंडं प्लास्टिकने घट्ट बांधा. उघड्या पाइपात कुंभारमाशी मातीचं घर करते.