एडीसी बोर्डाचं रेफरन्स व्होल्टेज कमी येतंय? चिप बदलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या सीझनला निपाणीकडच्या एका गुऱ्हाळाचा काटा रिपेरीला आला होता. मालक म्हणाले, "ओ, सकाळी एक वजन, मोटर लावली की दुसरंच दाखवालंय की!" आत तो हिरवा एचएक्स७११ बोर्ड, म्हणजे लोडसेलचा (वजन ओळखणारा सेन्सर) सिग्नल आकड्यात बदलणारा एडीसी. एडीसी ज्या ठरलेल्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो ते रेफरन्स, इथं तेच लोडसेललाही जातं. लोडसेलच्या सप्लाय वायरींवर मीटर लावला तर ३.१ व्होल्ट, म्हटलं बोर्ड गेला, दुसरा घातला, तिथंही ३.१, मग तिसरा. अख्खा दिवस गेला आणि संध्याकाळी बघतोय तर बोर्डाला सप्लायच ३.३ व्होल्टचा दिलेला. सगळ्यात आधी बघायची गोष्ट मी सगळ्यात शेवटी बघितली.

त्या बोर्डावर २० के आणि ८.२ के (के म्हणजे किलोओहम) अशा दोन रेझिस्टरनी व्होल्टेज ४.३ ला सेट केलेलं असतं, आता ३.३ मधनं ४.३ येणार कुठनं? रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, पूर्ण उघडतो, काही अडवत नाही, आणि मोटर लावल्यावर सप्लायला बसणारा हलका धक्कासुद्धा थेट आत जातो. खरं तर इथं लोडसेलला आणि एडीसीला एकच व्होल्टेज जातं, त्यामुळं ते नुसतं कमी असलं तर वजन फारसं चुकत नाही, हलत असलं की चुकतं. सप्लाय ५ व्होल्ट केला, काटा गप्प बसला. मात्र कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर डेटाच्या वायरीला लेव्हल शिफ्टर (५ चा सिग्नल ३.३ वर आणणारा भाग) घाला, नाहीतर काटा वाचेल आणि कंट्रोलर जाईल.

सप्लाय कमी पडायची हीच चूक वेगळ्या रेफरन्स चिपमध्ये (नेमकं ठरलेलं व्होल्टेज देणारी चिप) पण होते. ५ व्होल्टचा आरईएफ५०५० घेतात आणि यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवतात. त्याला वर थोडी जागा लागते हो, निदान ५.२ तरी. यूएसबीवरच चालवायचं असेल तर ४.०९६ वाला घ्या, १२ बिटच्या एडीसीला एक काउंट (आकड्याची एक पायरी) म्हणजे बरोबर १ मिलिव्होल्ट, हिशेबही सोपा.

टीएल४३१ ही स्वस्तातली रेफरन्स चिप वापरत असाल तर सप्लायकडनं तिला येणारा वरचा रेझिस्टर बघा. त्याला स्वतःला १ मिलिअँपिअर तरी पाहिजे. ५ व्होल्टमधनं २.५ काढायला १० के लावला तर मिळणार पाव मिलिअँपिअर, त्यात खाली लोड, मग व्होल्टेज बसणारच! १ के लावा, अडीच मिलिअँपिअर येतो, त्यातला दीड लोडला उरतो. आउटपुटला मनाला येईल तो कपॅसिटर पण चिकटवू नका, कपॅसिटरच्या काही किमतींना टीएल४३१ ऑसिलेट होतो, म्हणजे व्होल्टेज सारखं वरखाली हलतं, आणि मीटर नुसती सरासरी दाखवतो, तुम्ही बसा डोकं खाजवत.

अर्डुइनो उनोवाल्यांची तऱ्हा वेगळी. कोडमध्ये इंटर्नल (चिपच्या आतला १.१ व्होल्टचा) रेफरन्स निवडला, लगेच एरेफ या रेफरन्सच्या पिनवर मीटर लावला आणि १.१ येईना म्हणून ओरड. अरे, एकदा तरी अ‍ॅनालॉगरीड (व्होल्टेज मोजायची कमांड) चालवा, त्याआधी ते सेटिंग चिपमध्ये जातच नाही. आणि १.१ म्हणजे नेमकं १.१ नव्हे, १.० ते १.२ मध्ये काहीही चालतं. त्या पिनवरनं दुसऱ्या सर्किटला करंट मात्र घेऊ नका. बाहेरनं व्होल्टेज देणार असाल तर आधी कोडमध्ये एक्सटर्नल करा, नाहीतर आतला आणि बाहेरचा एकमेकांवर शॉर्ट होतात.

मोजायचं कसं, तर काळी प्रोब लांबच्या ग्राउंडला नको, चिपच्या अ‍ॅनालॉग ग्राउंडलाच लावा, ब्रेडबोर्डची लूज वायर मधेच मिलिव्होल्ट खाते. मग रेफरन्सवरचा लोड सोडून परत मोजा. व्होल्टेज वर आलं तर रेफरन्स चांगला आहे, लोड जास्त आहे. नाही आलं तर सप्लाय बंद करून आउटपुटच्या सिरॅमिक कपॅसिटरला ओहममध्ये बघा, स्क्रू आवळताना बोर्ड वाकला की ते तडकून आतल्या आत शॉर्ट होतात, वरनं काही दिसत नाही.

खानापूरकडच्यांनी पावसाळ्यात अजून एक करावं, बोर्डावरचा फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट मळ) आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, घासून काढावा. दमट हवेत त्या मळातनं करंट लीक व्हायला लागतो, आणि रेफरन्सला मोठ्या रेझिस्टरचा डिव्हायडर (दोन रेझिस्टरनी व्होल्टेज विभागणारी जोडणी) असेल तर लगेच फरक दिसतो. एवढं करायच्या आधी कोडमधला कॅलिब्रेशनचा आकडा ओढून वजन जुळवत बसू नका, मी पण त्या काट्याला आधी तेच केलं होतं, मोटर बंद झाली की परत वजन तिसरंच.